एका नगरांतील दोन क्लब आणि चषकाचा अंतिम सामना

१. विषयाचें प्रयोजन

फुटबॉलच्या चषकासंबंधींचा लेख या त्रैमासिकांत पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. ताम्रपट, महजर, बखरी व हस्तलिखित पोथ्या यांच्या पंक्तीस चामड्याचा चेंडू आणि रुप्याचा पेला आणून बसविणें अनुचित आहे, असेंही कोणी म्हणतील. परंतु एखादी वस्तु इतिहासाचें साधन होते कीं नाहीं, हें तिच्या प्रतिष्ठेवरून ठरत नसून तिच्यावरून काय सिद्ध होतें यावरून ठरतें. जमाखर्चाच्या ज्या कागदांचें आज आपण जिवापाड जतन करितों, ते लिहिले गेले त्या दिवशीं कोणा कुळकर्ण्याचीं नित्याचीं टिपणें होते. त्यांस साधनत्व आलें तें मागाहून. आणि तेंही जे वांचले त्यांसच आलें.

या विषयाकडे माझें लक्ष वळण्यास एक लहानसें कारण घडलें. मी शाळेंत संस्कृत शिकवीत असतां एका मुलाच्या वहीस घातलेल्या वेष्टनाकडे माझी दृष्टि गेली. तें वेष्टन म्हणजे आमच्या आंदर मावळांतील एका गांवच्या जत्रेंत भरलेल्या कुस्त्यांच्या फडाचा हिशेब होता. वर्गणीची बाकी, हलगीवाल्यांस दिलेली रक्कम, आणि खालीं जोडीजोडीनें मल्लांचीं नांवें गांवांसह लिहिलेलीं. शेवटच्या कुस्तीपुढें ‘बरोबरींत सोडविली’ असा शेरा होता. उरलेलीं पानें घेऊन ये, असें मीं त्या मुलास सांगितलें. पण त्याच दिवशीं त्याच्या घरीं जावें हें मला सुचलें नाहीं. आठ दिवसांनीं गेलों तेव्हां ती वही रद्दींत गेली होती. दोष त्या घरच्या मंडळींचा नव्हता, माझा होता. ज्यानें जन्मभर मुलांस कालहरण करूं नये म्हणून उपदेश केला, त्यानेंच आठ दिवस दवडले.

त्या हरवलेल्या वहीनें मनांत जो प्रश्न उभा केला त्याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे. लोकांच्या खेळांचा इतिहास कोणत्या कागदांवर टिकतो, आणि तो टिकविणें कोणाचें काम? या प्रश्नाच्या विचारासाठीं मीं एकाच शहरांतील दोन प्रतिस्पर्धी क्लबांचा अंतिम सामना हा विषय घेतला आहे. कारण अशा सामन्यांत शहर स्वतःशींच झुंजतें, आणि झुंजतांना आपली जुनी घडण उघडी करून दाखवितें. महाराष्ट्रांत याचें ठळक उदाहरण कोल्हापूर हें आहे.

२. शब्दविचार

प्रथम शब्द पाहूं. ‘चषक’ हा शब्द संस्कृतांत मद्य पिण्याच्या पात्रास लावितात, आणि अमरसिंहानेंही तो पानपात्र याच अर्थीं दिला आहे. आज ज्या चषकासाठीं तरुण झुंजतात तो ओठांस लावण्यासाठीं नसून डोक्यावर धरून मिरविण्यासाठीं असतो. पात्राचें कार्य लोपलें व त्याचा मान तेवढा उरला. अर्थान्तराचीं अशीं उदाहरणें भाषेंत विपुल आहेत.

‘तालीम’ हा शब्द अरबी असून शिक्षण हा त्याचा मूळ अर्थ होय. ‘वस्ताद’ हा फार्शी ‘उस्ताद’ शब्दाचा मराठी अवतार. जिला आपण अस्सल देशी संस्था समजतों तिचें व तिच्या प्रमुखाचें अशीं दोन्हीं नांवें परभाषेंतून आलेलीं आहेत. परकी वस्तु घरांत आणावी आणि ती इतकी आपलीशी करावी कीं तिचें परकेपण पुढें कोणास आठवूंही नये, ही आपल्या समाजाची जुनी रीति आहे. फुटबॉलच्या बाबतींत कोल्हापुरानें नवें असें कांहीं केलें नाहीं; तीच रीति पुढें चालविली.

चेंडूच्या खेळाचे उल्लेख आपल्या वाङ्मयांत आहेत. दंडीच्या दशकुमारचरितांत कंदुकावती नांवाची राजकन्या विंध्यवासिनी देवीच्या आराधनेसाठीं कंदुकक्रीडा करिते, तिचें सविस्तर वर्णन आलें आहे. कोणी म्हणेल, हेंच आमचें फुटबॉलचें मूळ. मला तसें वाटत नाहीं. त्या क्रीडेंत कौशल्य आहे, शोभा आहे, प्रेक्षकही आहेत. पण प्रतिपक्ष नाहीं. प्रतिपक्षाचा विचार पाहावयाचा तर १२ व्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासांतील मल्लविनोदाचें प्रकरण उघडावें. तेथें मल्लांचे प्रकार, त्यांचा आहार, सराव व झुंज यांचा विचार केला आहे. चेंडू आहे म्हणून कंदुकक्रीडेशीं नातें जोडणें हा बाह्य साम्याचा मोह होय. कोल्हापूरच्या फुटबॉलचें खरें गोत्र मल्लविनोदाचें आहे. तें कसें, हें पुढें येईल.

३. पहिल्या चषकाची कथा

त्यापूर्वीं चषकाच्या मूळ स्थानीं एकदां जाऊन यावें लागेल. इंग्लंडांतील शेफील्ड शहरीं इ. स. १८५७ त शेफील्ड क्लब स्थापन झाला आणि १८६० त त्याच्या शेजारीं हॅलम क्लब निघाला. पुढें तेथील एका नाटकगृहाचा मालक थॉमस यूडन यानें एक चषक ठेविला. शेफील्ड व त्याच्या परिसरांतील १२ क्लब त्यासाठीं खेळले. दिनांक ५ मार्च १८६७ रोजीं ब्रॅमल लेन येथें अंतिम सामना होऊन हॅलमनें नॉरफोक क्लबास हरविलें. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचा प्रसिद्ध चषक १८७१-७२ त सुरू झाला, म्हणजे यूडनचा चषक त्याहून जुना. तेव्हां फुटबॉलच्या इतिहासांतील पहिला चषक व त्याचा पहिला अंतिम सामना हीं दोन्हीं एकाच शहराच्या शेजाऱ्याशेजाऱ्यांत घडलीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

याचें कारणही उघड आहे. त्या काळीं प्रत्येक गांवचे नियम निराळे होते. जे एकाच नियमांनीं खेळत, ज्यांस एकमेकांच्या मैदानावर पायीं जातां येई, आणि ज्यांच्यांत आधींपासून कांहीं चुरस होती, त्यांच्यांतच झुंज लागणें शक्य होतें. स्पर्धा ही दूरच्या शत्रूपेक्षां जवळच्या शेजाऱ्याशीं आधीं लागते.

या चषकाची पुढील हकीकत संग्राहकांस विशेष रुचेल. तो चषक मध्यंतरीं नाहींसा झाला होता. इ. स. १९९७ त स्कॉटलंडांतील जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्यापाशीं तो सांपडला, आणि हॅलम क्लबानें २,००० पौंड देऊन तो परत घेतला. फुटबॉल असोसिएशनच्या पहिल्या चषकाचें नशीब इतकें चांगलें नव्हतें. तो १८९५ सालीं ॲस्टन व्हिला या विजयी क्लबाच्या ताब्यांत असतां बर्मिंगहॅम येथील एका दुकानाच्या दर्शनी कपाटांतून चोरीस गेला तो गेलाच. त्या वर्षींचा अंतिम सामनाही ॲस्टन व्हिला व वेस्ट ब्रॉमविच ॲल्बियन या शेजारी क्लबांतच झाला होता. सामना शेजाऱ्यानें घेतला नाहीं तें चोरानें घेतलें, असें कोणी विनोदानें म्हणेल. पण संग्राहकाच्या दृष्टीनें ही शोकाचीच गोष्ट आहे.

४. कोल्हापूर : पेठ, तालीम व क्लब

आतां आपल्या देशाकडे वळूं. पंचगंगेच्या कांठीं, अंबाबाईच्या देवळाभोंवतीं वाढलेलें जुनें कोल्हापूर पेठापेठांत विभागलेलें आहे. पेठेच्या पोटांत गल्ल्या, आणि गल्लीगल्लींत तालीम. तालीम म्हणजे नुसती व्यायामशाळा नव्हे. तांबड्या मातीचा हौदा, मारुतीची मूर्ति व वस्तादाची बैठक हीं तिचीं बाह्य अंगें झालीं. वर्गणी गोळा करणें, उत्सव करणें, पेठेंतील तंटे मिटविणें, अडल्यानडल्यास हात देणें, हीं कामें तालीमच करी. कित्येक तालमींत गणपति बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात. म्हणजे तालीम ही पेठेची चावडीच होय. फरक इतकाच कीं तिच्यांत प्रवेश करण्यास वतन लागत नाहीं.

या तालमींस राजर्षि शाहू महाराजांच्या कारकीर्दींत (१८९४ ते १९२२) मोठें तेज चढलें. एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणाच्या निमित्तानें महाराज १९०२ सालीं विलायतेस गेले होते. त्या प्रवासांत रोम येथील प्राचीन क्रीडागार त्यांच्या पाहण्यांत आलें. त्याच धर्तीवर कोल्हापुरीं कुस्तीचें मैदान असावें या इच्छेंतून खासबाग मैदान उभें राहिलें, आणि १९१२ त तें खुलें झालें. मध्यें हौदा व सभोंवतीं चढत्या पायऱ्यांवर प्रेक्षक, ही रचना आजही पाहावयास मिळते. येथें एक गोष्ट लक्ष्यांत घ्यावी. हजारों लोकांनीं एकत्र बसून दोघांची झुंज पाहावी, आपापल्या मल्लाचा कैवार घ्यावा, आणि निकाल लागतांच टोपी उडवावी अगर खालीं मान घालून घरीं जावें, ही प्रेक्षकाची विद्या कोल्हापूरकरांनीं कुस्तीच्या मैदानांतच मिळविली.

फुटबॉल हा खेळ छावण्या व इंग्रजी शाळा यांच्या वाटेनें हिंदुस्थानांत सर्वत्र आला. पण सर्वत्र तो सारखा रुजला नाहीं. नव्या खेळास चेंडू, मैदान व नियम हे विकत किंवा उसने आणतां येतात. विकत आणतां येत नाहीं असा एकच पदार्थ आहे, आणि तो म्हणजे प्रतिस्पर्धी. ज्यास हरविल्यावांचून झोंप येऊं नये असा प्रतिस्पर्धी पिढ्यांनीं घडवावा लागतो. कोल्हापुरांत तो आयता तयार होता. या पेठेच्या तालमीसमोर त्या पेठेची तालीम कुस्तींत उभी होतीच. तीच पुढें मैदानांत उभी राहिली. मघाशीं मीं मल्लविनोदाचें गोत्र म्हटलें तें या अर्थानें.

क्लबांचीं नांवेंच या घडणीची साक्ष देतात. स्थलनामांचा अभ्यास करणारे नामांच्या प्रत्ययांवरून वस्तीचे थर ओळखतात. तीच पद्धति येथें लावून पाहावी. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम हा ‘तालीम’ या पदाचा एक थर. शिवाजी तरुण मंडळ व संध्यामठ तरुण मंडळ हा ‘मंडळ’ या पदाचा दुसरा थर. प्रॅक्टिस क्लब हा इंग्रजी पदाचा तिसरा थर. या थरांचा काळक्रम केवळ नांवांवरून ठरवूं नये, हें मी मुद्दाम सांगतों. परंतु एकाच तक्त्यांत हे तिन्ही थर शेजारीं शेजारीं नांदतात, हें तर कोणासही दिसेल. शिवाय ‘पाटाकडील’ या नांवांत पाण्याच्या पाटाची खूण आहे, ‘संध्यामठ’ या नांवांत मठाची, ‘ऋणमुक्तेश्वर’ या नांवांत शिवालयाची, आणि ‘दिलबहार’ हें नांव तर सबंध फार्शी आहे. शहराचा जुना नकाशा हरवला तरी संघांच्या यादीवरून त्यांतील कांहीं रेषा पुन्हां काढतां येतील.

या क्लबांची मध्यवर्ती संस्था म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन. ती छत्रपति घराण्याच्या आश्रयानें चालत आली आहे, आणि तिचे सामने छत्रपति शाहू महाराजांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या स्टेडियमवर होतात. वरिष्ठ गटांत १६ संघ असतात. हंगामाच्या आरंभीं खेळाडूंची नोंदणी होते, पुढें साखळी सामने होतात, आणि मग महापौर चषकासारख्या बाद पद्धतीच्या स्पर्धा लागतात. बहुतेक सर्व संघ शहराचे व त्याच्या लगतचे असल्यामुळें चषक कोणताही असो, अंतिम सामना शेजाऱ्याशेजाऱ्यांतच व्हावयाचा. इतरत्र जें क्वचित् घडतें तें येथें दरवर्षीं घडतें.

मंगळवार पेठेची पाटाकडील तालीम आणि शिवाजी पेठेचें शिवाजी तरुण मंडळ यांची गांठ पडली म्हणजे पेठांचीं दुकानें लौकर बंद होतात, असें म्हटलें तर कोल्हापूरकर तें खोटें म्हणणार नाहींत. कोणाचें माहेर एका पेठेंत व सासर दुसऱ्या पेठेंत असतें. त्या घरांत त्या दिवशीं बोलणें जपून होतें. सामना संपला कीं हलगी वाजते, गुलाल उधळला जातो, आणि चषक आधीं तालमींत नेऊन मग पेठेंत फिरवितात. जेत्यांस देवासमोर नारळ फोडावयाचा असतो. पराजितांस पुढच्या हंगामाचा हिशेब मांडावयाचा असतो. दुसऱ्या दिवशीं दोन्ही पक्ष एकाच मंडईंत भाजी घेतात. शत्रुत्व आणि शेजार यांचा हा संगम एका शहरांतील स्पर्धेचें मर्म होय.

पुण्यांतही पेठा आहेत व तालमीही आहेत. मग तेथें फुटबॉलनें असें मूळ कां धरिलें नाहीं? माझ्या मतें एक कारण असें. पुण्याचा राज्याश्रय १८१८ त संपला; कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजीं मुंबई राज्यांत विलीन होईपर्यंत तेथें दरबार होता. नवे खेळ आले त्या काळांत पेठांची चुरस, दरबारचें कौतुक व प्रेक्षकांची सवय हीं तिन्हीं एका ठिकाणीं केवळ कोल्हापुरांतच मिळालीं. विलीनीकरणानंतर दरबारचें स्थान लोकवर्गणीनें, दात्यांनीं व पुढाऱ्यांनीं घेतलें. म्हणूनच चषकांचीं नांवें वाचीत गेलें तर आश्रयदात्यांची वंशावळीच वाचल्यासारखें होतें. आश्रय बदलला तरी तालीम टिकली. अलीकडे परप्रांतांतील व आफ्रिकेंतील खेळाडूही या तालमींच्या संघांतून खेळूं लागले आहेत, आणि इकडे कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ सालीं भारतांत झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकांत भारताकडून खेळला. गल्लीचा खेळ जगाच्या मैदानापर्यंत पोंचला, आणि जग गल्लींत आलें.

५. परगांवीं नेलेली चुरस

कोल्हापूरची चुरस आपल्याच अंगणांत राहते. एका शहरांतील प्रतिस्पर्धी आपलें भांडण परगांवीं घेऊन जातात तेव्हां काय होतें, याचें उदाहरण आपल्या मुंबईच्या रोव्हर्स चषकाच्या यादींत सांपडतें.

ही स्पर्धा १८९१ त सुरू झाली, आणि पहिला चषक वुस्टरशायर रेजिमेंटनें घेतला. पुढें कित्येक वर्षें यादींत गोऱ्या पलटणींचींच नांवें येत राहिलीं. १९२३ सालीं कलकत्त्याचा मोहन बागान क्लब अंतिम सामन्यापर्यंत आला. पण डरहॅम लाइट इन्फंट्रीनें त्यास हरविलें. १९३७ त बंगलोर मुस्लिम्स या संघानें चषक घेतला, आणि यादीचा रंग पालटला. हैदराबाद सिटी पोलीस संघानें १९५० ते १९५४ अशीं पांच वर्षें चषक कोणाच्या हातीं जाऊं दिला नाहीं. त्याच्या पुढच्याच वर्षीं, १९५५ त, मुंबईच्या कूपरेज मैदानावर कलकत्त्याचे दोन क्लब समोरासमोर आले; मोहन बागाननें महमेडन स्पोर्टिंगास हरवून आपला पहिला रोव्हर्स चषक मिळविला.

या क्लबांची थोडी ओळख येथें देतों. मोहन बागान १५ ऑगस्ट १८८९ रोजीं स्थापन झाला. २९ जुलै १९११ रोजीं त्यानें ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटास २-१ असें हरवून आयएफए शील्ड घेतली. त्या संघांतील बहुतेक गडी अनवाणी खेळले होते. महमेडन स्पोर्टिंगनें १९३४ ते १९३८ अशी सलग पांच वर्षें कलकत्त्याची लीग जिंकली. ईस्ट बंगाल क्लब १ ऑगस्ट १९२० रोजीं निघाला; त्याच्या मागें पूर्व बंगालांतून आलेले लोक उभे राहिले, आणि १९४७ च्या फाळणीनंतर निर्वासितांच्या लोंढ्यानें ही निष्ठा फार दृढ झाली. कोल्हापुरांत पेठेनें जें केलें तें कलकत्त्यांत जन्मभूमीच्या आठवणीनें केलें.

१९७२ च्या रोव्हर्स चषकासमोर एकाच ओळींत दोन नांवें आहेत : मोहन बागान व ईस्ट बंगाल. निर्णय लागला नाहीं आणि चषक दोघांस विभागून दिला गेला. सर मॉर्टिमर ड्युरंड यांच्या नांवें १८८८ त सिमल्यास सुरू झालेल्या ड्युरंड चषकाच्या यादींतही १९६० सालापुढें हींच दोन नांवें जोडीनें येतात. ज्या ड्युरंडसाहेबांनीं १८९३ त अफगाणिस्तानची सरहद्द आंखली त्यांच्या चषकावर दोन प्रतिपक्षांमधील रेघच पुसली जावी, हा इतिहासाचा एक लहानसा विनोद होय. आमच्या जत्रेच्या हिशेबांतील ‘बरोबरींत सोडविली’ हा शेरा आणि या दोन ओळी यांचा अर्थ एकच. त्या दिवशीं कोणाचीही पाठ मातीस लागली नाहीं.

मात्र प्रत्येक वेळीं असें होत नाहीं. ३० सप्टेंबर १९७५ रोजीं शील्डच्या अंतिम सामन्यांत ईस्ट बंगालनें मोहन बागानास ५-० असें हरविलें; तो आंकडा कलकत्त्यांत आजही एक पक्ष अभिमानानें उच्चारतो व दुसरा उच्चारीतच नाहीं. ३ सप्टेंबर २०२३ रोजीं कलकत्त्यांतच ड्युरंड चषकाच्या अंतिम सामन्यांत मोहन बागाननें ईस्ट बंगालास १-० असें हरविलें. रोव्हर्स स्पर्धा मात्र एकविसाव्या शतकाच्या आरंभीं बंद पडली. तिची यादी आतां पुरी झाली आहे. खुंटलेल्या राजवंशाच्या वंशावळीप्रमाणें ती आतां केवळ वाचावयाची उरली.

६. रिकामी ओळ

चषकावरील दोन नांवांची ओळ आपण पाहिली. आतां रिकाम्या ओळीचा विचार करूं. ग्लासगो शहरांतील सेल्टिक व रेंजर्स हे क्लब १९०९ सालीं स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यांत खेळले. पहिल्या दिवशीं २-२ अशी बरोबरी झाली. १७ एप्रिल रोजीं पुन्हां सामना झाला. तोही १-१ असा सुटला. आतां जादा वेळ खेळवितील अशी प्रेक्षकांची समजूत होती. तसें होत नाहीं हें दिसतांच लोक मैदानांत शिरले, दंगल झाली, तिकिटांच्या चौक्या जाळल्या गेल्या. दोन्ही क्लबांनीं तिसरा सामना नाकारला, आणि त्या वर्षीं चषक कोणासच दिला गेला नाहीं. ब्यूनस आयरिस येथील रिव्हर प्लेट व बोका ज्युनियर्स यांची २०१८ सालची कथा याच जातीची आहे. दक्षिण अमेरिकेच्या चषकाच्या अंतिम फेरीचा दुसरा सामना बोकाच्या गाडीवर झालेल्या हल्ल्यामुळें त्या शहरांत होऊंच शकला नाहीं. समुद्रापलीकडे माद्रिद येथें ९ डिसेंबर रोजीं तो खेळवावा लागला, आणि रिव्हर प्लेटनें ३-१ असा जिंकला. शहराचें भांडण शहरास झेपेना, म्हणून तें परदेशांत सोडवावें लागलें.

याहून दुःखद नोंद कलकत्त्याची आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजीं ईडन गार्डन्सवर मोहन बागान व ईस्ट बंगाल यांच्या लीग सामन्यांत प्रेक्षकांत मारामारी व चेंगराचेंगरी होऊन १६ माणसें मेलीं. तो अंतिम सामनाही नव्हता. कोल्हापुरांतही हुल्लडीचे प्रसंग आले आहेत. तें लपविण्यांत अर्थ नाहीं.

अशोकानें गिरनारच्या पहिल्या लेखांत ‘समाज’ म्हणजे लोकांचे मेळे यांत पुष्कळ दोष आहेत असें सांगून, कांहीं मेळे आपणांस चांगलेही वाटतात अशी पुस्ती जोडली आहे. इतक्या जुन्या काळच्या राजानें केलेला हा विवेक आजही उपयोगी पडावा. मेळा वाईट नव्हे. ज्या मेळ्यांत प्रतिपक्षाविषयींचा आदर सुटतो तो वाईट. कुस्तीचा मल्ल हौद्यांत उतरल्यावर प्रथम माती कपाळास लावितो आणि मग समोरच्याच्या हातीं हात देतो. तालमीनें फुटबॉलास प्रतिस्पर्धी दिला तसाच हा हातही दिला पाहिजे. नाहींतर वारसा अर्धाच पोंचला असें म्हणावें लागेल.

७. साधनें व त्यांचें बलाबल

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. या सर्व इतिहासाचीं साधनें कोणतीं? कै. वि. का. राजवाडे यांनीं १८९८ त मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापण्यास आरंभ केला, तेव्हांपासून अस्सल पत्र बखरीहून बलवत्तर हा न्याय आपल्या अंगवळणीं पडला आहे. तोच येथें लावावा.

पहिलें साधन खुद्द चषक. त्याच्या बैठकीवर कोरलेलीं वर्षें व नांवें हा त्याचा ताम्रपट. ताम्रपटाप्रमाणेंच तो वाचतांना अक्षरांचें वळण, मागाहून कोरलेल्या ओळी, बदललेली बैठक आणि रिकामीं वर्षें यांकडे लक्ष द्यावें. चषकाचा ठसा अगर छायाचित्र घेऊन ठेवावें, कारण चषक चोरीस जातो, आटविलाही जातो.

दुसरें साधन तालमीच्या वह्या. सभेचें इतिवृत्त, वर्गणीची यादी, बूट व चेंडूंच्या खरेदीचीं बिलें. कोणत्या घरानें किती आणे दिले यावरून पेठेंतील बलुतीं, व्यापार व जातिव्यवहार जितके कळतील तितके जिंकल्या-हरल्याच्या आंकड्यांवरून कळणार नाहींत.

तिसरें साधन हस्तपत्रिका, तिकिटें व वर्तमानपत्रांतील वृत्तान्त. यांत तारखा मिळतात. परंतु बातमीदारही कोणत्या तरी पेठेंत राहतो, हें विसरूं नये. चौथें साधन संघांचीं छायाचित्रें. त्यांतील मंडळींचीं नांवें मागें लिहिलेलीं नसतील तर तीं ओळखणारा म्हातारा हयात आहे तोंवरच लिहून घ्यावीं.

पांचवें साधन तोंडी हकीकत. ती रसाळ असते आणि तिच्यावांचून इतिहास कोरडा होतो. पण ती बखरीच्या जातीची आहे. अमुक तालीम सर्वांत जुनी, अमुक सामन्यांत पंचानें अन्याय केला, हें दोन्ही पेठांत ऐकावें आणि वर सांगितलेल्या साधनांशीं ताडून पाहिल्याविना खरें मानूं नये. दोन प्रतिपक्षांच्या हकीकती एका मुद्यावर जुळल्या, तर तो मुद्दा बहुधा खरा समजावा. हाच एका शहरांतील चुरशीचा इतिहाससंशोधकास होणारा लाभ. प्रत्येक सामन्याचे दोन साक्षीदार जन्मतःच एकमेकांविरुद्ध तयार असतात.

मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे हे संस्कृतचे शिक्षक होते. शाळेंतील काम सांभाळून त्यांनीं पटवर्धनांचें दफ्तर वाचून काढलें व ऐतिहासिक लेखसंग्रहाचे खंड सिद्ध केले. त्यांच्याशीं बरोबरी करण्याचा विचारही मला शिवत नाहीं. परंतु शिक्षकानें आपल्या आसपासचे कागद वाचावे, हा धडा त्यांनीं घालून दिला आहे, आणि मीं तो उशिरां गिरविला. ज्यांच्यापाशीं पेशवेकालीन दफ्तरें आहेत त्यांनीं तीं सोडून चेंडूच्या मागें धांवावें, असें माझें म्हणणें नाहीं. म्हणणें इतकेंच कीं, कोल्हापूरच्या, मुंबईच्या किंवा आमच्या मावळांतल्या एखाद्या घरीं जुन्या दफ्तराच्या शोधासाठीं गेलें असतां फळीवर एखादा काळवंडलेला पेला अगर जत्रेची वही दिसली, तर ती उघडून पाहावी, तिची नक्कल घ्यावी, आणि शक्य तर त्याच दिवशीं घ्यावी.

या लेखांत जें न्यून अगर चुकीचें असेल तें जाणत्यांनीं साधार दाखवावें. विशेषतः ज्यांच्यापाशीं तालमींच्या जुन्या वह्या असतील त्यांनीं त्यांतील नोंदी प्रसिद्ध कराव्या, मग त्या माझ्या अनुमानाविरुद्ध गेल्या तरी बेहत्तर. माझ्या हातून गेलेल्या वहींत कोण कोणाशीं लढला हें आतां कळावयाचें नाहीं. शेवटच्या कुस्तीचा शेरा तेवढा मला आठवतो. ज्या दोघांची ती कुस्ती बरोबरींत सुटली त्यांचीं नांवें मात्र मीं उतरून घेतलीं नाहींत.

टाकवे बुद्रुक, तालुका मावळ